परभणीच्या उन्हात मॅकवर गेम कसे खेळावेत

मागच्या जूनमध्ये भाचा दुकानात आला. नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला, "मामा, मॅक घ्यावा म्हणायलोय. गेम चालतेत का त्याच्यावर?"

"चालतेत. पण कोणते, कुठं बसून आणि किती वर्षं, हे आधी सांग."

"म्हणजे नाही चालत."

"म्हणजे ऐकून घे."

एका लग्नपत्रिकेचं काम अर्धवट टाकून त्याला तासभर सांगत बसलो. नंतर आणखी दोघं-तिघं हेच विचारून गेले, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतोय. तुम्ही मराठवाड्यात राहत असाल, घरात कूलर आणि इन्व्हर्टर असेल आणि मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरवर, गेम खेळायचा विचार डोक्यात असेल, तर वाचा. पुण्या-मुंबईत एसीत बसणाऱ्यांनी उन्हाचा भाग गाळला तरी चालेल.

माझं परभणीत डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, पॅम्प्लेट, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं. मॅकशी गाठ पडली १९९६ साली, औरंगाबादला एका दैनिकात पानं लावायला होतो तेव्हा. डाक आवृत्तीची पानं सुटली की शहर आवृत्तीच्या बातम्या येईपर्यंत तासभर हात रिकामे असायचे. त्या तासात आम्ही चार ऑपरेटर 'मॅरेथॉन' खेळायचो. बंजी नावाच्या कंपनीनं हा गेम १९९४ च्या डिसेंबरात मॅकसाठी आणला होता. ज्या वायरीवरून पानं प्रिंटरला जायची, त्याच वायरीवरून आम्ही एकमेकांना गोळ्या घालायचो. नेटवर्क मशीनमध्येच बसवलेलं असे, वेगळं कार्ड विकत आणायची गरज नव्हती. पुढं नोकरी सुटली आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या न्यायानं गावी आलो, पण मॅक काही सुटला नाही. त्यामुळं मॅकवर गेम नसतात असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. असतात की. टिकत नाहीत, ही खरी अडचण आहे.

आधी कंपनीचा स्वभाव ओळखा

सोयरीक करताना आपण घराणं बघतो, तसं इथं ॲपलचं घराणं बघून घ्या. त्याच बंजीचा 'हेलो' हा गेम स्टीव्ह जॉब्जनं १९९९ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड मेळ्यात मंचावरून दाखवला होता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं बंजीच विकत घेतली. २००१ च्या नोव्हेंबरात 'हेलो' मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आला आणि मॅकवर पोचायला २००३ चा डिसेंबर उजाडला. 'सायबरपंक २०७७' चं तेच. जगात डिसेंबर २०२० मध्ये आला, मॅकवर १७ जुलै २०२५ ला. वरातीमागून घोडं. दर एक-दोन वर्षांनी मंचावर एखादा मोठा गेम दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या आणि नव्याचे नऊ दिवस सरले की विसरून जायचं, ही यांची जुनी खोड.

उशीर मी एकवेळ सोसतो. मला जास्त खटकतं ते पायाखालची जमीन बदलणं. १९९४ ला यांनी प्रोसेसर बदलून पॉवरपीसी आणला, २००६ ला इंटेल, २०२० ला स्वतःची एम मालिका. दर वेळी जुने प्रोग्रॅम चालवायला मधे एक दुभाषा ठेवतात आणि काही वर्षांनी त्याला काढून टाकतात. २००६ चा रोझेटा नावाचा दुभाषा २०११ च्या लायन या मॅकओएसच्या आवृत्तीत काढून टाकला. आताचा रोझेटा २ मॅकओएस २७ पर्यंतच पूर्णपणे राहील, असं ॲपलनं २०२५ मध्ये सांगून टाकलंय. त्यानंतर काही जुन्या, कुणी सांभाळत नसलेल्या गेमपुरताच त्याचा थोडा भाग ठेवणार आहेत. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीत ३२-बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, सगळे प्रोग्रॅम बंद झाले. ग्राफिक्सचीही तीच कथा. जग ओपनजीएल या ग्राफिक्सच्या पद्धतीवर पुढं जात असताना मॅकवर ते ४.१ ला अडकलं, २०१८ ला त्याला निवृत्तीची नोटीस मिळाली, आणि बाकीच्यांनी व्हल्कन ही नवी पद्धत धरली तरी यांनी आपलं वेगळं मेटलच ठेवलं. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाशी फाटलं ते फाटलंच.

यातला एकेक निर्णय सुटा घेतला तर मला पटतो. एम१ आल्यावर माझ्या दुकानात पंख्याचा आवाज बंद झाला, वीजबिल उतरलं, कामाचा वेग वाढला. पण गेम आणि कामाचं सॉफ्टवेअर यांत फरक आहे. पानं लावायचं सॉफ्टवेअर बनवणारा दरवर्षी पैसे घेतो, म्हणून दरवर्षी दुरुस्त करून देतो. गेम बनवणारा एकदा विकतो आणि पुढच्या गेमला लागतो. दहा वर्षांपूर्वीचा गेम नव्या चिपसाठी पुन्हा कोण लिहून देणार? त्यामुळं मॅकवर विकत घेतलेला गेम हे बटईनं केलेलं रान समजा. चार हंगाम पीक घ्या, मजा करा, पण बांधावर आंब्याची झाडं लावायला जाऊ नका.

माझंच उदाहरण देतो. २०१९ च्या दिवाळीनंतर मी दुकानातल्या मॅक मिनीवर (लॅपटॉप नव्हे, टेबलावर ठेवायचा छोटा डबा) न बघता अपडेटचं बटण दाबलं. सकाळी पोरगा उठून बघतो तर त्याच्या आवडत्या गेमच्या आयकॉनवर आडवी रेघ. ३२-बिटची सूचना वर्षभर आधीपासून स्क्रीनवर येत होती, मीच दर वेळी 'ओके' म्हणून पुढं जात होतो. दोन दिवस पोरगं बोललं नाही माझ्याशी.

मशीनच्या आधी गेमची यादी करा

लोक आधी मॅक घेतात आणि मग विचारतात, यावर अमुक चालेल का. उलटं करा. कागद घ्या, पुढची दोन वर्षं जे गेम खेळणार त्यांची नावं लिहा. दोस्तांबरोबर खेळायचे वर, एकट्यानं खेळायचे खाली.

वरच्या यादीत 'व्हॅलोरंट' असेल तर इथंच थांबा, विंडोजचा लॅपटॉप घ्या. मॅकसाठी तो नाही, आणि खेळताना कुणी लबाडी करतंय का हे पकडणारी त्याची यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते, त्यामुळं दुसऱ्या वाटेनंही जमत नाही. 'काउंटर-स्ट्राइक २' चंही तसंच. आधीचा गेम मॅकवर होता, २०२३ मध्ये नवा आला तेव्हा मॅकला वगळलं. 'रॉकेट लीग' नं मार्च २०२० मध्येच राम राम ठोकला. होस्टेलवर रात्री सगळे मिळून जे खेळतात, त्यातलं बहुतेक या खान्यात येतं. तिथं चंदेरी लॅपटॉप मांडीवर घेऊन नुसतं बघत बसण्यात काय अर्थ आहे?

खालच्या यादीत मात्र मॅक आता बराच बरा आहे. 'बाल्डर्स गेट ३', 'नो मॅन्स स्काय', 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज', 'डेथ स्ट्रँडिंग', 'असॅसिन्स क्रीड शॅडोज', 'सायबरपंक' हे सगळे मॅकसाठी अधिकृत आलेले आहेत. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेमच्या पानावर ॲपलचं चिन्ह दिसतं का बघा, पण चिन्हावर भुलू नका. खाली किमान गरजा लिहिलेल्या असतात, त्या वाचा. तिथं इंटेल आणि जुन्या ओएसचीच नावं असतील आणि एम मालिकेचा उल्लेखच नसेल, तर तो गेम दुभाष्याच्या जिवावर चालतो असं धरा. घेतल्यावर खात्री करायची तर गेम चालू ठेवून ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा आणि 'काइंड' हा रकाना बघा. तिथं 'ॲपल' असेल तर उत्तम, 'इंटेल' असेल तर त्याचे दिवस मोजलेले आहेत.

स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून नवा गेम उतरवल्यावर पहिल्या दिवशी कथेत रमू नका. सगळ्यात गर्दीची, मारामारीची जागा गाठा, मशीन किती तापतं ते बघा आणि तासाभरात निर्णय घ्या. आधी डेमो मिळत असेल तर त्याहून चांगलं.

कोणता घ्यायचा

माझं मत सरळ आहे. घरी एका जागी बसणार असाल तर मिनी घ्या. फिरणार असाल आणि गेमही खेळायचे असतील तर पंखा असलेला मॅकबुक प्रो, तोही जुना चालेल. मॅकबुक एअर कामाला फार छान, पण त्यात पंखा नाही, आणि आपल्याकडं मे महिना असतो. त्यावर पुढं बोलतो.

रॅमपासून सुरू करा. एके काळी मिनीच्या खालचं गोल झाकण फिरवलं की रॅम हाताला लागायची. माझा २०१२ चा मिनी मी दुकानाच्या टेबलावर पाच मिनिटांत १६ जीबीचा केला होता. २०१४ ला त्यांनी रॅम डकवून टाकली, २०१८ ला पुन्हा स्लॉट दिले, आणि २०२० पासून ती चिपलाच चिकटलेली आहे. आज जेवढी घ्याल तेवढीच मरेपर्यंत. त्यातून प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं एकाच रॅममधून जेवतात, म्हणजे ८ जीबी म्हणजे ग्राफिक्सचं सोडून ८ जीबी असं समजू नका. 'सायबरपंक' ची किमान अटच एम१ आणि १६ जीबी अशी आहे. कुणी ८ जीबीचा एम१ एअर स्वस्तात देत असेल तर अभ्यासाला, पिक्चर बघायला घ्या, मोठ्या गेमचं नाव काढू नका. सुदैवानं २०२४ च्या शेवटी कंपनीला उपरती झाली आणि नव्या मिनी आणि एअरची सुरुवातच १६ जीबीपासून झाली. एम४ मिनी आला तेव्हा १६ जीबी आणि २५६ जीबी स्टोरेजला ५९,९०० रुपये होते. एवढ्या किमतीत ॲपलनं भारतात दिलेली ही मला सगळ्यात प्रामाणिक वस्तू वाटते.

पुढची पायरी मात्र दरोडा होती. ५१२ जीबी स्टोरेज पाहिजे तर तेव्हा वर २०,००० रुपये होते. २४ जीबी रॅम पाहिजे तर आणखी २०,०००. पैसे असतील तर रॅमला द्या, कारण ती बाहेरून लावता येत नाही. स्टोरेजला देऊ नका. 'बाल्डर्स गेट ३' एकटा १५० जीबी मागतो, तो २५६ मध्ये ओएससोबत कसाबसा बसेल आणि दुसऱ्या गेमला जागा उरणार नाही. त्यापेक्षा १ टीबीची बाहेरची एसएसडी घ्या. घेताना वेगवान यूएसबी-सी वायर सोबत आहे का बघा, नाहीतर लोक मोबाइल चार्जिंगची वायर लावतात आणि एसएसडी बैलगाडीसारखी चालते.

एसएसडी लावली की डिस्क युटिलिटीत जाऊन तिला एपीएफएसमध्ये फॉरमॅट करा. तिथं 'केस-सेन्सिटिव्ह' असा दुसरा एक एपीएफएस दिसेल, तो निवडू नका, स्टीमला तो पचत नाही. मग स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेजला जाऊन ही एसएसडी जोडा आणि तीच डिफॉल्ट करा. ॲप स्टोअरवरून घेतलेले मोठे गेमही मॅकओएस सिक्वोया १५.१ पासून बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात, त्याचं बटण ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये आहे. आधी ही सोय नव्हती, आणि इतकी साधी गोष्ट द्यायला यांना २०२४ उजाडावं लागलं.

जुना घेणार असाल तर एक काम विक्रेत्यासमोर करा. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप आपल्याकडं बरेच येतात. दिसायला चकाचक, भाव कमी. दुकानातच तो पूर्ण पुसायला सांगा, स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावा आणि नव्यासारखा सेटअप करून बघा. मधेच कुणाचं ॲपल खातं मागितलं, किंवा 'रिमोट मॅनेजमेंट' असं पान आलं आणि त्यावर एखाद्या कंपनीचं नाव दिसलं, तर तो लॅपटॉप अजून त्यांच्याच कुलपात आहे, नमस्कार करून उठा. माझ्या ओळखीच्या एकानं हे केलं नाही. त्याचा लॅपटॉप आज त्याच्या पोराचं चित्रकलेचं पॅड झालाय, झाकणावर स्टिकर लावायला.

ऊन, कूलर आणि लाइन

हा भाग कुठल्याच यूट्यूबवाल्याकडं मिळणार नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

ॲपल स्वतःच लिहितं की मॅक १० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत वापरावा. एप्रिल-मेमध्ये परभणीत दुपारी बाहेर ४२-४३ असतं, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर वर्षातले दोन-अडीच महिने आपण दुपारी मॅक उघडायलाच नको. काम करताना काही होत नाही, कारण पत्रिका लावायला चिपला घाम फुटत नाही. गेममध्ये ती सतत जोर लावते. एअरला पंखा नसल्यामुळं पहिली दहा मिनिटं गेम लोण्यासारखा चालतो, मग चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि चित्र अडखळायला लागतं. मशीन बिघडलेलं नसतं, ते आपला जीव सांभाळत असतं. लोक घाबरून माझ्याकडं घेऊन येतात, मी फ्रीजचं पाणी देतो आणि संध्याकाळी सातनंतर खेळा म्हणतो.

उन्हाळ्यात खेळायचंच असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० वर बांधा. ६० चा हट्ट सोडा. रिझोल्यूशन १०८० पी ठेवा, 'मेटलएफएक्स' असा पर्याय दिसला तर चालू करा. तो लहान चित्र काढून मोठं करून दाखवतो, त्यामुळं चिपचं ओझं हलकं होतं. सावल्या मध्यमवर आणा. रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवणारी, यंत्रणा एम३ पासून चिपमध्येच आहे, पण मे महिन्यात तिला हात लावू नका, दिवाळीत लावा. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नका. आमच्याकडं जुन्या शहाबादी फरशीचा एक तुकडा आहे, त्यावर ठेवतो. फरशी पहिल्यांदा गार असते, नंतर तीही तापते, पण निदान खालून हवा तरी कोंडत नाही.

कूलरबद्दल. कूलरच्या तोंडासमोर मॅक ठेवू नका. गार हवा लागते म्हणून बरं वाटतं, पण त्या हवेत पाणी असतं, आणि आपलं बोरचं पाणी जड. एका उन्हाळ्यात मी कीबोर्ड कूलरसमोर ठेवला होता, पावसाळ्यापर्यंत चार बटणं चिकटली आणि आत पांढरा क्षार जमला. दोष माझाच. कूलर खोलीत एका बाजूला, मॅक दुसऱ्या बाजूला, मधे खिडकी उघडी, असं बसा. काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांत उडणारी रुई, हे दुसरं संकट. एम४ मिनी हवा खालूनच घेतो आणि खालूनच सोडतो, म्हणून त्याला दोन बोटं उंच स्टँडवर ठेवा. त्याचं चालू करायचं बटणही खाली, कोपऱ्यात आहे. मशीन उचलून पोटाखाली बोट घालायचं! ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा आमच्या दुकानात दिवसातून सहा वेळा लाइन जाताना बसवलं पाहिजे. स्टँडवर ठेवलं की निदान बोट जातं.

लाइनचा विषय निघाला, तर इथं मात्र मला ॲपलचं कौतुक करावं लागतं. कंपनीच्याच आकड्यांनुसार एम४ मिनी रिकामा बसला असेल तर ४ वॉट घेतो, पूर्ण जोर लावला तरी ६५ वॉट. २४ इंची मॉनिटर आणि वायफाय धरून सगळं शंभरच्या आसपास. गेमिंग पीसीतलं एकटं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड २०० वॉटपर्यंत ओढतं, वर प्रोसेसर वेगळा. घरच्या १५० एएचच्या बॅटरीत हिशेबानं १,८०० वॉट-तास असतात, जुनी झाली असेल तर निम्मे धरा. त्यावर दोन पंखे, चार दिवे आणि मिनी मिळून संध्याकाळ आरामात निघते. पीसी लावला तर आई विचारते, पंखा कामून हळू झाला? ॲपलच्या क्यूपर्टिनोतल्या मुख्यालयात बसून हे डिझाइन करणाऱ्यांच्या मनात परभणीचं भारनियमन नक्कीच नव्हतं. पण फायदा आपल्याला झाला. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या आणि मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे लाइन जाता-येता मिनी बंद पडत नाही. लॅपटॉपला ही चिंताच नाही.

हातात काय धरायचं

ॲपलचा मॅजिक माउस गेमला वापरू नका. त्यावर डावं आणि उजवं बटण एकदम दाबता येत नाही, म्हणजे नेम धरून गोळी मारता येत नाही. चार्जिंगचं भोक पोटाखाली, २०१५ पासून तसंच, २०२४ ला यूएसबी-सी आलं तरी जागा बदलली नाही. माउस उताणा पडलेला, जसा औषध मारलेला झुरळ. चार-पाचशेचा वायरचा माउस आणा. एम४ मिनीला जुन्या चौकोनी यूएसबीचं भोक नाही, म्हणून ५०-१०० रुपयांचं कन्व्हर्टर सोबत घ्या. मग सिस्टीम सेटिंगमध्ये माउसला जाऊन ॲडव्हान्स्डमध्ये 'पॉइंटर ॲक्सिलरेशन' बंद करा. ते चालू असलं की हात हळू हलवला तर कमी आणि झटक्यानं हलवला तर भलताच लांब जातो, नेम कधीच बसत नाही.

कंट्रोलर असेल तर अर्धं दुखणं गेलं. प्लेस्टेशन ४-५ आणि एक्सबॉक्सचे ब्लूटूथवाले कंट्रोलर मॅक सरळ ओळखतो. प्लेस्टेशन ५ चा असेल तर मधलं पीएस बटण आणि डावीकडचं क्रिएट बटण दोन्ही एकदम दाबून धरा, दिवा लुकलुकायला लागला की मॅकच्या ब्लूटूथमध्ये नाव दिसेल. गेम पूर्ण स्क्रीनवर न्या, म्हणजे मॅकओएस सोनोमापासून आलेला गेम मोड आपोआप चालू होतो आणि वरच्या पट्टीत छोटा कंट्रोलर दिसतो. त्यानं बाकीची कामं मागं पडतात आणि कंट्रोलरचा प्रतिसाद सुधारतो. खिडकीत लहान करून खेळलात तर गेम मोड लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

विंडोजचे गेम मागच्या दारानं

इंटेलच्या काळात बूट कॅम्प होतं, २००६ पासून. मॅकवर सरळ विंडोज टाकायचं आणि खेळायचं. एम१ आल्यावर ते दार बंद झालं. आता क्रॉसओव्हर नावाचं विकतचं सॉफ्टवेअर आहे, १४ दिवस फुकट वापरून बघता येतं. ते विंडोजच्या गेमची भाषा मॅकला उलगडून सांगतं. ॲपलनं २०२३ मध्ये गेम बनवणाऱ्यांसाठी गेम पोर्टिंग टूलकिट काढलं, त्यातलं तंत्रही यात वापरलंय. खरं तर ते कंपन्यांनी आपले गेम मॅकवर आणावेत म्हणून होतं, आपल्यासारख्यांनीच त्याचा जास्त फायदा उठवला.

पद्धत सोपी आहे. क्रॉसओव्हरमध्ये नवी 'बॉटल', म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅमसाठी वेगळा कप्पा, करा, तिच्यात विंडोजचं स्टीम टाका, तिथून गेम उतरवा. गेम चालला नाही तर त्या बॉटलच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सचा पर्याय बदला, डी३डीमेटल करून बघा, नाही तर डीएक्सव्हीके. एका गेमला एक बॉटल ठेवा, म्हणजे एक बिघडली तर दुसरीला झळ बसत नाही, मुळ्याच्या लोणच्याच्या आणि लिंबाच्या बरण्या वेगळ्या ठेवतो तसं. चाचणीचे १४ दिवस आपल्या यादीतल्या गेमवरच घालवा. जे चाललं ते चाललं. ज्यांच्यात लबाडी पकडणारी यंत्रणा आहे त्यांच्या मागं लागू नका, एखाद्याचं खातं कायमचं बंद व्हायचं.

आणि अपडेट. सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी ओएस आली की लगेच टाकू नका. किमान महिना थांबा, आपल्या यादीतले गेम त्यावर चालतात का ते बघा, टाइम मशीनवर एक प्रत काढून ठेवा. दुकानात आता मी भिंतीवर पानच चिकटवलंय, 'मला विचारल्याशिवाय अपडेट दाबू नये.' पोरगा येता-जाता ते वाचून माझ्याकडं बघतो.

भाच्याचं काय झालं? त्याच्या यादीत वर 'व्हॅलोरंट' होता, म्हणून त्यानं विंडोजचा लॅपटॉप घेतला, माझ्याच सांगण्यावरून. चांगला आहे, खेळताना जीपसारखा आवाज करतो. पण सुट्टीत परभणीला आला की तो लॅपटॉप पिशवीतच राहतो. परवा संध्याकाळी लाइन गेली, इन्व्हर्टरवर मिनी चालू होता, आणि हे महाराज कंट्रोलर घेऊन 'बाल्डर्स गेट' मध्ये घुसलेले. बाहेर गिऱ्हाईक पत्रिकेचं प्रूफ बघायला उभं. तीनदा हाक मारली.

"मामा, दोनच मिनिटं. सेव्ह व्हायलंय."

लग्नाचा मुहूर्त दोनच दिवसांवर होता, प्रूफ मी मोबाइलवर दाखवलं.